सोन्यावरचा आळ

कोळझरी गावात अठ्ठ्याहत्तर साली काहीही घडलं नव्हतं. पोलिसांच्या दप्तरी तसंच होतं, गावाच्या बोलण्यातही तसंच होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या नावानं त्या वर्षी सगळा मराठवाडा पेटला, पण कोळझरीनं शांतता राखली, असं म्हातारी माणसं पारावर बसून सांगत. ऐकणारा पाहुणा मान डोलवायचा. एवढ्यात समोरून रामजी आला की पाहुण्याची मान मधेच थांबायची.

रामजीच्या डाव्या गालावर कानाच्या पाळीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत एक वण होता. जाड, चकचकीत, बाभळीवरून डिंक ओघळून वाळावा तसा. त्या पट्टीत दाढी उगवत नव्हती आणि हसताना त्या बाजूचा ओठ उचलला जात नव्हता. त्यामुळं रामजी मनापासून हसला तरी समोरच्याला वाटायचं, हा आपल्यालाच हसून राहिला.

"हे कशानं?" पाहुणा विचारायचा.

"बैलानं मारलं," गाव सांगायचं.

बैल तातेराव पाटलांचा होता आणि त्याचं नाव सोन्या होतं. बाकी सगळं खोटं होतं. लोक दलित वस्तीवर चालून आले तेव्हा सोन्या गोठ्यात कडबा खात होता. कुऱ्हाड तातेरावांच्या हातात होती आणि समोर रामजी होता. पुढं चौकशीला जमादार आला, तेव्हा रामजीच्या बायकोला, पद्माबाईला दिवस गेलेले होते, घराचं छप्पर जळून गेलं होतं आणि रोजानं काम देणारं घर गावात एकच होतं, तेही तातेरावांचंच. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी पारावर बसून तोडगा काढला. रामजीनं गाल बांधलेल्या तोंडानं सांगितलं, बैलानं मारलं. गावानं त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं आणि तातेरावांनी त्याला सालगडी म्हणून ठेवून घेतलं.

एक अडचण राहिली. माणूस फाडणारा बैल दावणीला ठेवला तर लोक काय म्हणतील? म्हणून सोन्याला हिंगोलीच्या बाजारात विकलं. कासरा धरून त्याला नेलं ते नव्या सालगड्यानं, म्हणजे रामजीनंच. सोन्या गरीब होता. जिकडं ओढला तिकडं गेला.

यालाही पंचवीसेक वर्षं झाली. परभणी जिल्हा तोडून हिंगोली जिल्हा झाला, हिंगोलीला कलेक्टर आला आणि पाठोपाठ निरनिराळ्या स्पर्धा आल्या. कुठल्याशा संस्थेनं 'एकोप्याचं गाव' नावाची स्पर्धा काढली. बक्षीस म्हणून गावाला कमान आणि सभागृह मिळणार होतं. ज्या गावात काही घडलंच नाही, त्या गावाला असली स्पर्धा म्हणजे घरचंच कार्य. आडवा येत होता तो एक गाल.

तातेरावांचा मुलगा विश्वंभर गावचा सरपंच होता आणि सेनगावात त्याचं मेडिकल होतं. आधी तो रामजीला रामजी म्हणायचा. स्पर्धा जाहीर झाली तसा काका म्हणू लागला. एका सकाळी तो वस्तीवर आला आणि रामजीच्या अंगणात बाजेवर बसला. खिशातून एक ट्यूब काढली.

"काका, हे मलम चोळायचं. जुन्यातला जुना वण जातो यानं."

रामजीनं ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. वर एका गोऱ्या बाईचा गाल छापला होता.

"हिला बी बैलानं मारलं व्हतं का?"

"मजाक नका करू, काका. समिती येऊन राहिली. गाव कसं साफ दिसलं पाहिजे."

"माझा गाल दिसला तर काय बिघडतं? बैलानं मारल्यानं एकोपा मोडतो का?"

"समितीत एक डॉक्टर हाय," विश्वंभर म्हणाला. "डॉक्टरला शिंगाचं अन् पात्याचं बराबर कळतं."

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तो ट्यूबच्या टोपणाशी चाळा करू लागला. रामजी त्याच्याकडं पाहत राहिला. पंचवीस वर्षांत त्या घराच्या तोंडून पातं हा शब्द पहिल्यांदा बाहेर पडला होता. म्हणजे पडू शकत होता.

"लावतो," रामजी म्हणाला. "पण माझ्या हातानं न्हाई. पाटलांनी लावावं."

"कोणत्या पाटलांनी?"

"तुमच्या वडलांनी. त्यांनी हितं यावं अन् आपल्या हातानं लावावं. रोज."

चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या पद्माबाईचा हात थांबला. विश्वंभर उठला. जाताना ट्यूब बाजेवर ठेवून गेला, यावरून तो विचार करणार हे दिसत होतं.

रविवारी मुलगा रत्नपाल हिंगोलीहून आला. तो तिथं बँकेत होता आणि कायद्याची पुस्तकं वाचायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, यातून निघायचं काय? केस तर आता उभी राहत न्हाई."

"केस कोण म्हणून राहिलं? मला ऐकायचं हाय. मी मारलं, असं त्यांच्या तोंडून. एकदा. सत्तरीच्या पुढं गेले ते, उद्या गेले की राहिलं."

"अन् न्हाई बोलले तर?"

"रोज हातात हा गाल आल्यावर माणूस किती दिवस बैलाचं सांगल?"

"लई दिवस सांगल," पद्माबाई म्हणाली. "तुमी त्याच्या शेतात राबले. मी त्याच्या घरचं जोंधळं निवडलंय. तुमाला शेत ठाऊक, मला माणूस ठाऊक."

तातेराव आले. त्यांना कसं तयार केलं ते त्यांच्या घरातच राहिलं, पण सभागृहाला तातेरावांचं नाव द्यायचं ठरल्याची बातमी त्याच दिवशी गावभर झाली. काठी टेकत, मागं चार पोरं घेऊन ते वस्तीवर शिरले आणि बाजेच्या कडेला अंग चोरून बसले. मलम लावायच्या आधी हात धुवावेत म्हणून पाणी मागायला त्यांनी तोंड उघडलं. कोणाच्या घरी बसलोय ते आठवलं आणि हात धोतरालाच पुसले.

"डोळे मीट," ते रामजीला म्हणाले.

"काहून? मलम गालाला हाय."

मग तातेरावांनी स्वतःचेच डोळे मिटले आणि मलम लावलं.

पहिले काही दिवस घरी परतल्यावर बायको नर्मदाबाई त्यांच्यासाठी न्हाणीत ऊन पाणी काढून ठेवायची. डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. पुढं पौषाचा गारठा पडला, तातेरावांना खोकला झाला आणि अंघोळ आपोआप बंद पडली. अस्पृश्यता हटवण्याच्या कामी थंडीनं हातभार लावल्याची नोंद अजून कुणी केलेली नाही.

गप्पा व्हायच्या. तातेराव गुडघ्याचं सांगायचे, कापसावरच्या बोंडअळीचं सांगायचे, सुनेनं चहात साखर कमी केली ते सांगायचे. रामजी हुंकार द्यायचा आणि वाट पाहायचा. तातेराव अजून डोळे मिटूनच लावत, तरी बोट कधी चुकलं नाही. कानाच्या पाळीखाली टेकायचं, तिथून तिरपं खाली यायचं आणि जबड्यापाशी, पातं जिथून बाहेर निघालं होतं तिथं येऊन थांबायचं. उलटं, खालून वर, एकदाही गेलं नाही. बोटाला सगळं ठाऊक होतं. ते तोंडापर्यंत चढत नव्हतं, एवढंच.

एकदा बोट मधेच थांबलं.

"लई लागलं व्हतं का रे, रामजी?"

रामजीनं श्वास धरला. आत भांडी घासणारी पद्माबाईसुद्धा थांबली.

"व्हय, मालक. लई."

तातेरावांनी उसासा टाकला. "मुक्या जनावराचं काही सांगता येत न्हाई," ते म्हणाले आणि बोट पुढं सरकलं.

आत पद्माबाईनं तवा जरा जोरातच आपटला.

मलमाचा गुण आला, पण भलतीकडं. त्यात गोरं करणारं काहीतरी होतं. त्यानं वण काही गेला नाही, आजूबाजूची कातडी मात्र उजळली. सावळ्या गालावर जो वण सावळेपणात थोडाफार बुजून जायचा, तो आता गव्हाळ गालावर काळा, ठसठशीत उठून दिसू लागला. आधी तो जवळ आल्यावर दिसायचा, आता एसटीच्या थांब्यावरून दिसायला लागला. विश्वंभरनं येऊन दोन्ही गाल ताडून पाहिले.

"काका, तुमची कातडीच आडमुठी हाय," तो म्हणाला.

"वण तुमच्या घरचा, मलम तुमचं, हात तुमच्या वडलांचा," रामजी म्हणाला. "माझी नुसती कातडी हाय."

पण विश्वंभर हार मानणाऱ्यातला नव्हता. पाटील वस्तीवर जाऊन गड्याच्या गालाला मलम लावतात, यापेक्षा मोठा एकोपा कुठल्या गावात दाखवता आला असता? त्यानं सेनगावहून लालसिंग फोटोवाल्याला आणलं. लालसिंगनं नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यात पुसता येईल ते पुसायची त्याला हौस होती. नवऱ्या मुलींच्या तोंडावरचे कांजिण्यांचे वण, पुढाऱ्यांच्या हनुवटीखालच्या वळ्या, सगळं तो पुसून द्यायचा. बाजेवर बसलेल्या दोघांचा फोटो त्यानं काढला आणि विश्वंभरनं सांगितल्याप्रमाणं रामजीचा वण पुसून टाकला.

त्याचा मोठा फ्लेक्स शाळेसमोर लागला. खाली लिहिलं होतं, 'कोळझरीचा एकोपा'. वर तातेराव पाटील डोळे मिटून रामजीच्या गुळगुळीत गालावर बोट टेकवून बसले होते. काय करतायत ते मात्र कळत नव्हतं.

"दाढी बरी झाली का ते चाचपून राहिले जणू," पद्माबाई म्हणाली.

रामजी फ्लेक्सपुढं बराच वेळ उभा राहिला. वरच्या माणसाचं तोंड आपल्यासारखं होतं. त्याला कुणी कधी मारलं नव्हतं. त्याचं छप्परही कधी जळलं नसावं.

समिती आली. पुढं एक मॅडम, मागं चष्मेवाला डॉक्टर, आणखी दोघं. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. पंगतीची तयारी होती, वस्तीतल्या लोकांना सगळ्यांत मिसळून बसायचं म्हणून आधीच जागा वाटून दिल्या होत्या. रामजीला फेटा बांधून असा बसवला होता, की शेमला बरोबर डाव्या गालावर येईल. मॅडम फ्लेक्सपुढं थांबल्या.

"हे काय, हळद लावतायत का?"

"होय मॅडम," विश्वंभर म्हणाला. "आमच्याकडं पद्धत हाय तशी."

मॅडमना ती पद्धत फार आवडली. त्यांनी रामजीला पुढं बोलावलं. रामजी उठला, वारा आला आणि शेमला उडाला. डॉक्टरनं चष्मा वर सरकवला. त्याची नजर फ्लेक्सवर गेली, परत गालावर आली.

"हे कशानं झालं, आजोबा?"

मंडपात वाढप्यांच्या बादल्यासुद्धा वाजेनाशा झाल्या. विश्वंभरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण प्रश्न त्याला नव्हता. रामजीला बैल म्हणता आलं असतं, कुऱ्हाडही म्हणता आली असती. गालावर फिरलेलं ते बोट त्याला आठवलं.

"पाटलांना इचारा साहेब," तो म्हणाला. "ते रोज हात फिरवतात. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक."

सगळ्यांनी तातेरावांकडं पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. त्यांची हनुवटी हलू लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येतंय, हे रामजीला कळलं.

"त्यानं मारलं न्हाई," तातेराव म्हणाले.

विश्वंभरनं डोळे मिटले.

"सोन्यानं मारलं न्हाई, साहेब. माझा बैल व्हता, सोन्या. लई गरीब. जल्मात कोणाला शिंग लावलं न्हाई त्यानं. त्याच्यावर आळ आला. अन् मी त्याला बाजार दाखवला. म्हाताऱ्या वयाला आलेलं जनावर, माझ्या हातचा घास खाणारं. पाप घडलं माझ्या हातून. ह्या गालाला रोज हात लावतो अन् रोज सोन्या डोळ्यापुढं येतो." त्यांना पुढं बोलवेना. ते लहान लेकरासारखे रडू लागले.

मंडपात कितीतरी बायांनी पदर डोळ्यांना लावला. सोन्याला पाहिलेली माणसं थोडीच उरली होती, पण रडायला त्यानं काही अडलं नाही. मॅडमनी स्वतः जाऊन तातेरावांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टर एकटा रामजीकडं पाहत होता. "बैलानं मारलं नाही," तो हळूच म्हणाला, "तर मग..."

"साहेब, पंगत वाढली," विश्वंभर म्हणाला. "पुरणपोळी गरमच खावी."

डॉक्टरनं रामजीच्या गालाकडं आणखी एकदा पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि तो जेवायला गेला. पोळीवर तूप भरपूर होतं.

कोळझरीला पहिलं बक्षीस मिळालं. वर भूतदयेसाठी म्हणून समितीनं वेगळी शिफारस केली, ती स्पर्धेत आधी नव्हती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तातेराव पुन्हा वस्तीवर आले. सवयीनं बाजेवर बसले आणि सवयीनं ट्यूबसाठी हात पुढं केला. चेहरा उजळला होता, त्याला मलमही लागलं नव्हतं.

"मन हलकं झालं रे रामजी. इतक्या वर्षांचं ओझं व्हतं."

"व्हय का?"

"तूच नेला व्हता न त्याला बाजारात? वाटंनं कसा गेला रे?"

"निमूट गेला. विकल्यावर एकदा वळून पाहिलं त्यानं."

तातेरावांनी पुन्हा डोळे पुसले. "तू तरी मला माफ करशील का, रामजी?"

"बैलाचं मला काहून इचारता, मालक? माझं इचारा."

तातेराव त्याच्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत लबाडी नव्हती. रामजीनं नीट शोधली, पण नव्हती. लबाडी सापडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुझं काय रे?" त्यांनी विचारलं.

रामजीनं त्यांच्या हातातली ट्यूब काढून घेतली आणि टोपण लावलं. "उद्यापासून येऊ नका, मालक. पाय दुखतात तुमचे."

उन्हाळ्यात कमान उभी राहिली. मॅडमच्या सूचनेवरून कमानीशेजारी चौथऱ्यावर सिमेंटचा पांढरा बैल बसवला. खाली फरशीवर कोरलं, 'निरपराध सोन्याच्या स्मरणार्थ'. शिंगं सोनेरी, डोळे जरा मोठे, पण एकूण चांगला झाला. रामजीच्या गालाची कातडी हळूहळू पुन्हा पहिल्यासारखी सावळी झाली आणि वण त्यात पहिल्यासारखा बुजून गेला. आता कोणी पाहुणा विचारत नव्हता. सगळे बैल पाहत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. रामजी दिवस कलता रानातून परत येत होता. कमानीपाशी गर्दी जमली होती. मधोमध तातेराव उभे होते, एका हातात काठी, नर्मदाबाईच्या हातात लोणी-हळदीची वाटी. तातेराव डोळे मिटून सिमेंटच्या खांद्यावर लोणी चोळत होते. चोळून झाल्यावर ते बैलाच्या कानाशी वाकले आणि वर्षानुवर्षं जित्या बैलांना म्हणतात तेच म्हणाले, "आज आवतन घे, सोन्या. उद्या जेवाया ये."

रामजी त्यांच्या मागून वस्तीच्या वाटेला लागला. घरी पद्माबाई उंबऱ्यात बसून टाचांच्या भेगांना उरलेलं मलम लावत होती. तिथं त्याचा गुण चांगला आला होता.

"कमानीपाशी काहून एवढी गर्दी?" तिनं विचारलं.

"पाटलांनी सोन्याला जेवायला बोलावलं. त्यांच्या घरी."

पद्माबाईनं ट्यूब तळापासून पिळून शेवटचं मलम टाचेवर काढलं.

"अन् तुमाला?"

रामजी हसला. उजव्या बाजूनं.